क्रोनोसच्या पोटातला दगड

देल्फीच्या देवळाच्या वरच्या अंगाला एक दगड आहे. फार मोठा नाही, तान्ह्या मुलाएवढा. क्रोनोस आपलीच मुलं गिळत होता तेव्हा त्याच्या बायकोनं, रेआनं, झ्यूसच्या ऐवजी हा दगड दुपट्यात गुंडाळून त्याच्या हाती दिला. त्यानं तो न बघता गिळला आणि झ्यूस वाचला. पुढे गिळलेलं सगळं क्रोनोसला ओकावं लागलं, तेव्हा हा दगडही बाहेर पडला. त्या दगडाला रोज तेल लावायचं काम माझ्याकडे आहे. सणाला त्याच्यावर न कातलेली लोकर गुंडाळायची.

या सणाच्या सकाळी माझ्या हातून तेलाचं भांडं कलंडलं. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा एरातोन माझ्या नातवाला घेऊन चुलीभोवती फिरणार होता, किंवा फिरणार नव्हता. बाप फिरला तर मूल घरचं. नाही फिरला तर ते पार्नास डोंगराच्या उतारावर मरायला ठेवून येतात.

पाखरं बघून भविष्य सांगणाऱ्या एकानं एरातोनला सांगितलं होतं, हा मुलगा तुझ्या जागी बसेल. तेव्हापासून तो बाळाकडे फिरकला नव्हता.

"मामंजी, तुम्ही बोला ना त्यांच्याशी," सून क्लेओदामा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "मुलगा बापाच्या जागी बसतो हे कळायला पाखरं कशाला लागतात? चांगला बोकड देऊन हे ऐकून आलेत!"

"बोलतो," मी म्हणालो. देवांच्या वंशावळी मला पाठ आहेत, पण घरात तोंड उघडायचं म्हटलं की मी भलतंच काही बोलून बसतो. मी एरातोनला एवढंच विचारलं, "जरा हात लावायला येतोस का? कंबर धरलीये."

तो आला. त्यानं दगड उचलून धरला, मी खालून तेल लावलं.

"एकट्यानं कसं उचलता हो बाबा? धोंडा आहे नुसता!"

"धोंडाच आहे तो."

तो जरासा हसला. मी लोकर गुंडाळायला लागलो.

"एवढं वजन, एवढा गारठा," तो म्हणाला, "क्रोनोसला कळलं नसेल?"

"घाबरला होता रे. त्यानं स्वतःच्या बापाला खाली खेचलं होतं. तुझा मुलगाही तुला खेचेल, असं त्याच्या आईबापांनी सांगितल्यावर ते त्याला लगेच पटलं."

"आणि तसंच झालं ना?"

खोटं बोलायला हवं होतं. "झालं," मी म्हणालो.

"म्हणजे पाखरंवाला काही चुकीचं—"

"गिळलेल्या भावंडांना सोडवायला झ्यूस आला होता," मी घाईनं म्हणालो. "गिळलीच नसती तर कशाला आला असता? सगळ्यात आधी गिळली ती थोरली लेक, हेस्तिया. तीच आपल्या घरातली चूल. उद्या तू काय करतोस, ते ती बघणार."

बोलून गेलो आणि वाटलं, जास्त झालं. त्याला ही धमकी वाटली असेल. माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. बाळाची मान सावरतात तसा त्याचा तळवा दगडाच्या वरच्या गोलाईखाली होता. त्याच्या ते ध्यानात नव्हतं. मी लोकर गुंडाळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीपाशी आला. "दे इकडे," तो म्हणाला.

क्लेओदामा बाळाला घट्ट धरून माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. हलवायला हवी होती की नाही, कुणास ठाऊक. त्यानं बाळ घेतलं.

"किती हलकं आहे हे," तो पुटपुटला आणि उभाच राहिला. मग चालू लागला. चुलीच्या पलीकडच्या बाजूला डोंगराकडचं दार आहे. तिथे धुरात तो दिसेनासा झाला. क्लेओदामानं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

धुरातून आधी एक इवलीशी टाच बाहेर आली, मग तो.

"अहो, मान धरा त्याची, मान!" क्लेओदामा ओरडली.

"धरलीये गं," एरातोन म्हणाला.