अंजिरांचा वाटा

"जेद्दी, अजून वेळ गेलेली नाही. घरी जाऊ या."

आजोबांना रविवारच्या दुपारच्या खेळाला घेऊन आली थिनहिनान, आणि थिएटरच्या पायऱ्यांवर पाय अडला तोही तिचाच. दारावर पोस्टर होतं. पन्नास वर्षांपूर्वी साऱ्या फ्रान्सला हसवणारा सिनेमा, नव्यानं साफसूफ करून. कोपऱ्यात एक गोरा नट तोंडाला तपकिरी रंग फासून अरब कामगार झालेला. ते पाहूनच तिला तिडीक आली होती.

"तुमच्यावर हसले होते लोक. आजही हसतील."

"सिनेमातल्या मालकावरही हसले. आणि बरोबरच हसले," म्हातारा मोक्रान म्हणाला. "सिनेमा चांगला होता गं. फक्त त्यात मी नव्हतो."

चेहरा मात्र त्याचाच होता. मोक्रान तेव्हा सव्वीस वर्षांचा, पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मोटार कारखान्यात रंग मारायचा. सिनेमाची गोष्ट अशी: कामगारांना किड्यामुंग्यांसारखं वागवणारा मालक संपात अडकतो आणि जीव वाचवायला त्यांचेच कपडे घालून त्यांच्यात लपतो. दिग्दर्शकाला मागे उभे करायला खरे कामगार हवे होते. कामगारांच्या वसतिगृहातून अकरा जण नेले. मोक्रानच्या मिशा त्याला आवडल्या. माणूस भला होता. म्हणाला, मालकाच्या हातात कॉफी दे आणि तुझ्या भाषेत काहीही बोल.

कॅमेऱ्यापुढे मोक्रान आईशी बोलला. "यम्मा, मी बरा आहे. इथं थंडी आहे, पण मी बरा आहे. अंजिरं वाळली असतील तर माझा वाटा ठेव."

मग त्यानं गावी पत्र धाडलं: सिनेमा तालुक्याला, तिझी-उझूला लागला की यम्माला न्या, मी तिच्याशी बोललोय.

इकडे सिनेमा लागला तेव्हा वसतिगृहातले सगळे नवे कोट चढवून गेले. पडद्यावर मोक्रानचं तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती भलतीच खरखर. आवाज नंतर स्टुडिओत भरतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कामगारांना परत बोलवायची तसदी कोण घेणार? कुणा नकलाकारानं अरबीसारखं काहीबाही घशातून काढलं होतं. मोक्रान अल्जीरियाच्या डोंगरातला कबाइल, त्याची भाषा अरबी नव्हेच. पण तिथं कुणाला पडली होती! लोक पोट धरधरून हसले. दोस्तही हसले, आणि मग बाहेर येईपर्यंत त्याच्याकडे बघेनात.

चार महिन्यांनी गावाहून पुडकं आलं. वाळलेली अंजिरं, मधाची बरणी आणि शाळामास्तरांच्या अक्षरातलं पत्र. जन्मात कधी गाव न सोडलेली यम्मा बसनं तालुक्याला जाऊन आली होती. "लेकरा, तुला पाहिलं. वाळलास. तोंड तुझंच होतं, पण आवाज तुझा नव्हता. घसा धरलाय का? मध पाठवतेय, कोमट पाण्यातून घे."

त्यानं उलट कळवलं, हो, घसाच धरला होता, मधानं उतार पडला. खोटं लिहिताना त्याला रडू आवरेना. तो रजा मिळवून गावी जाण्याआधीच, त्या हिवाळ्यात, यम्मा गेली.

हे सगळं त्यानं नातीला पायरीवर उभ्याउभ्याच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होता. तिनं त्याचा हात धरला आणि दोघं आत गेली.

थिएटर भरलेलं होतं. मालकाची फजिती सुरू झाली तशी लोकांत खसखस पिकली. नाक मुरडून बसलेली थिनहिनानही एकदोनदा हसलीच. मोक्रान हसला नाही. खुर्चीचा हात धरून वाट बघत होता.

तो क्षण आला. पडद्यावरचा मिशाळ पोरगा कॉफीचा पेला घेऊन पुढे आला. मोक्रान काठी टेकून उभा राहिला. पोरानं तोंड उघडलं, आणि म्हातारा खणखणीत आवाजात, ओठाला ओठ जुळवून बोलला, "यम्मा, मी बरा आहे. इथं थंडी आहे, पण मी बरा आहे. अंजिरं वाळली असतील तर माझा वाटा ठेव."

मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "आजोबा, गप्प बसा ना, ऐकू येत नाहीये."

तोवर त्याचं बोलून झालं होतं. तो खाली बसला.