पुढे झुकलेली रिंग

मित्रांनो, मी सध्या सायकल-दुरुस्तीच्या एका दुकानात भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असते. माझ्या डाव्या हाताला जुन्या ट्यूब लोंबतात आणि खाली हवा भरायचा पंप असतो. दुकानात नव्याने आलेली माणसे मला एखाद्या लहान सायकलचे चाक समजतात. मी चाक नाही. मी बास्केटबॉलची जुनी रिंग आहे, आणि माझ्यातून बॉल जाऊन आता बराच काळ लोटला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाची जाड सळई तापवून साच्याभोवती वळवली, दोन्ही टोके सांधली, मागे एक जाड पाटी जोडली आणि जाळी अडकवायला खालून हूक लावले. मग नारिंगी रंग दिला. माझा घेर असा बेतलेला असतो की दोन बॉल शेजारी शेजारी ठेवले तर अगदी थोडक्यात मावत नाहीत. एकटा बॉल मात्र आरामात जातो. कारखान्यातल्या तपासनिसाने मला भिंतीला लावून माझ्यावर पाणसळ, म्हणजे सपाटी बघायची पाणी भरलेली नळी, ठेवली. आतला बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबला. तो म्हणाला, "पास." मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. त्या दिवशी मी अगदी आडवी, सपाट होते.

तिथून मी एका कॉलेजच्या हॉलमध्ये आले. उंच छत, जाळीच्या खिडक्या, एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या. या पायऱ्यांवर संध्याकाळी टीमचा सराव बघायला बाहेरचीही माणसे येऊन बसत. त्यातली तिघे कायमची. पहिला सायकलवाला. कॉलेजच्या फाटकासमोर त्याचे दुकान होते आणि दुकान अर्धे उघडे टाकून तो इकडे येई. दुसरा वकील. तो खरा वकील नव्हे, औषधांच्या दुकानात काम करायचा. पण वाद घालण्याची हौस एवढी दांडगी की हेच नाव पडले. तिसऱ्या हॉस्टेलच्या मेसच्या मावशी. त्या म्हणत, "मला खेळातलं काही कळत नाही, मी पोरं बघायला येते." आणि येताना लसूण सोलायला आणत.

एका वर्षी आमच्या कॉलेजने याच हॉलमध्ये मोठी स्पर्धा जिंकली. शेवटची शिट्टी वाजली आणि पायऱ्यांवरचे सगळे लोक कोर्टात घुसले. वकिलाला चौघांनी खांद्यावर घेतले. त्याने दोन्ही हातांनी मला धरले, खालच्यांनी खांदे काढून घेतले आणि तो माझ्यावर लटकला. मग दुसरा एक चढला आणि त्याच्या गळ्यात पडला. "फोटो काढ रे, फोटो!" वकील वरून ओरडत होता. सायकलवाल्याने फोटो काढला. त्याच क्षणी माझ्या मानेतून, म्हणजे पाटी आणि कडे जिथे जुळतात तिथून, कट असा आवाज आला. जल्लोषात तो कोणालाही ऐकू गेला नाही. माणसे उतरली आणि नाचत नाचत बाहेर गेली. मी मात्र पूर्वीच्या जागी परतले नाही. माझी पुढची कड खाली झुकली ती झुकलीच.

फार नाही. खालून बघणाऱ्याला कळणार नाही, एवढीच. पण एवढ्याने काय होते ते सांगते. घरातली एखादी थाळी डोळ्यांसमोर आडवी धरा आणि समोरून बघा. ती चपटी, लांबट दिसेल. आता तिची जवळची कड थोडी खाली झुकवा. थाळी जास्त गोल दिसू लागेल. समोरून येणाऱ्या बॉललाही मी तशीच दिसू लागले. पूर्वी बॉल उंच कमान करून वरून उतरला तरच आत शिरायचा. आता सपाट, सरळ मारलेला बॉलही माझ्यात सहज शिरू लागला.

स्पर्धेनंतर परीक्षा आल्या. परीक्षेचे बाक हॉलच्या दुसऱ्या टोकाला रचून ठेवले, आणि परीक्षा संपल्यावर ते कोणी हलवले नाहीत. हा विभाग म्हणे तो विभाग हलवेल, तो म्हणे हा. पलीकडची रिंग बाकांमागे गेली. म्हणजे वर्षभर सगळी टीम एकट्या माझ्यावर शिकली.

त्याच वर्षी पट्टी आला. हे त्याचे टोपणनाव, पायऱ्यांवरच पडलेले. घर लांब, घरची माणसे कधी दिसली नाहीत. खेळाडू म्हणून त्याला हॉस्टेलची खोली मिळाली होती. टीममध्ये जागा असेपर्यंत खोली, असा नियम. सुरुवातीला तो बॉल उंच टाकायचा. माझ्यावर असे कित्येक बॉल मागच्या कडेला आपटून बाहेर गेले. पोरगा हुशार होता. बॉल कुठे आपटतो ते बघायचा आणि दर खेपेला कमान थोडी खाली आणायचा. हळूहळू त्याचा बॉल इतका सरळ येऊ लागला की जणू हवेत पट्टी ठेवून रेघ मारली आहे. आणि प्रत्येक बॉल आत.

"बघ, बघ! कमान नाही, काही नाही. डायरेक्ट!" वकील मांडीवर थाप मारायचा. "ह्याला म्हणतात हात!"

"पट्टी आहे पट्टी," सायकलवाला म्हणायचा, आणि पोरगा खाली मान घालून हसायचा.

टीम बाहेरगावी सामने खेळायला जाऊ लागली आणि जिंकूही लागली. तिथे पट्टीचे बॉल चुकत होते. पण लांबू नावाचा एक ताडमाड मुलगा बोर्डाखाली उभा असे. चुकलेला बॉल तो हवेतच पकडून आत ढकलायचा. सामना जिंकला की कोणाचा बॉल चुकला हे कोण विचारतो? परत आल्यावर सगळे पट्टीचेच कौतुक करत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर रोज संध्याकाळी माझ्यात पडणारे बॉल होते.

मग अंतिम सामना आला, दुसऱ्या गावच्या हॉलमध्ये. तिथे काय झाले ते मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायऱ्यांवरून कळले. टीम एका बास्केटने हरली होती. सराव नव्हता, हॉल रिकामा होता, तरी तिघे सवयीने येऊन बसले होते.

"आपली ताकद काय होती? पट्टी. आणि नेमकी तीच ऐन वेळी गळपटली," वकील म्हणाला.

"काहीतरीच. आपली ताकद लांबू," सायकलवाला म्हणाला. "पाच फाउल होऊन तो बाहेर बसला, तिथेच खेळ आटोपला."

"लांबू काय करतो? दुसऱ्यांचे चुकलेले बॉल वेचतो. वेचणं ही काय ताकद झाली?"

"अरे, पण वेचायला काहीतरी सांडावं लागतं ना! सांडत कोण होतं एवढं?"

मित्रांनो, हा प्रश्न फार मोलाचा होता. त्याच्यामागे कोणी दोन पावले गेले असते, तर पुढचे सगळे टळले असते. पण वकील वादात होता, आणि वादात प्रश्न पुढच्या वाक्याची पायरी म्हणून वापरतात.

"तेच म्हणतोय मी! पट्टी सांडत होता. शेवटचा बॉल आठव. समोर कोणी नाही, मोकळा उभा. बॉल गेला आणि पुढच्या कडेवर ठाण!"

"तुम्ही दोघं कधी खेळलात का रे?" मावशी म्हणाल्या. "जिना चढताना धाप लागते आणि पोराच्या चुका काढताय. आल्यापासून जेवलेला नाही तो."

"मावशी, तुम्ही माया बाजूला ठेवा आणि ऐका." वकिलाने उठून थेट माझ्याकडे बोट केले. "ह्या रिंगमध्ये त्याचे दहातले नऊ जातात. जातात की नाही? आपण रोज बघतो. तिथे दहातले दोनही जात नाहीत. रिंग इथे तीच, तिथे तीच. बॉल तोच. मग बदललं काय? माणूस. भ्याला तो!"

सायकलवाला म्हणाला, "हे मात्र पटतं बाबा."

वकिलाचा तर्क तसा चोख होता. फक्त एक गोष्ट त्याने न मोजता खरी धरली होती, आणि ती त्याच्या बोटासमोर लटकत होती.

दाराशी पट्टी उभा होता. बॉल त्याच्या काखेत होता. मावशींनी त्याला पाहिले आणि लसणाचे ताट बाजूला ठेवून त्या उठेपर्यंत तो निघून गेला होता.

वकील तेवढ्यावर थांबला नाही. तो पायऱ्यांवरची आणखी माणसे घेऊन टीमच्या सरांकडे गेला. सर स्वतःच्या डोक्याने चालणारे होते, पण हरलेल्या माणसाच्या कानात शब्द लवकर शिरतात. त्यांनी पट्टीला हॉलमध्ये बोलावले आणि म्हणाले, "मार बघू." पट्टीने बॉल मारायला सुरुवात केली. एक आत. दुसरा आत. तो मारत गेला आणि सगळे आत पडत गेले. मला मान वळवता येत नाही, कड उचलता येत नाही. आलेला बॉल खाली सोडणे एवढेच माझ्या हाती. त्याच्या चेहऱ्यावर थोडी आशा आली होती.

सर म्हणाले, "म्हणजे हात ठीक आहे. मग दोष मनाचा आहे, बाळा. मनाला मी काय शिकवणार?"

आशा तिथेच मावळली. जितके बॉल आत गेले, तितका तो जास्त दोषी ठरला.

नव्या टीमच्या यादीत त्याचे नाव नव्हते, आणि यादीबरोबर खोलीही गेली. जायच्या दिवशी तो पत्र्याची पेटी दाराशी ठेवून आत आला. पायऱ्यांवर फक्त मावशी होत्या. त्याने एकच बॉल मारला. जाळी हलली. तो आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

"मावशी, इथे जातो," तो म्हणाला. "खरंच मी घाबरलो असेन का हो? मला तर तसं आठवत नाही."

मावशींनी जेवणाचा डबा त्याच्या हातात दिला आणि पदराने तोंड पुसले.

पुढल्या वर्षी कॉलेजला नवे बोर्ड आणि नव्या रिंगा मिळाल्या. वेल्डरने शिडी लावून माझे बोल्ट सोडवले आणि मला पाटीवर उभे करून फरशीवर ठेवले. वकील आणि सायकलवाला पायऱ्यांवरच होते. पाटी जमिनीला चिकटली की माझे कडे ताठ उभे राहायला हवे. ते तिरके उभे राहिले.

सायकलवाला खाली येऊन माझ्यासमोर उकिडवा बसला. चाकाचा बाक काढण्यात त्याचे आयुष्य गेले होते. एखादे चाक केसाएवढे डुलले तरी तो रस्त्यापलीकडून सांगायचा.

"वकील, इकडे ये."

"काय झालं?"

"हिचं कडं बघ. वाकलंय."

"काढताना वाकलं असेल."

"छे हो, मी हात पण लावला नाही," वेल्डर म्हणाला. "मानेतली चीर बघा. आत गंज आहे. जुनं दुखणं आहे हे." त्याने काटकोन बघायचा गुण्या माझ्या पाटीला टेकवला. गुण्या आणि कडे यांच्यामधून उजेड दिसू लागला.

सायकलवाल्याला तो जुना फोटो आठवला. त्याच्या दुकानात, पंपाच्या वर, चौकटीत लावलेला एक फोटो होता: माझ्यावर लटकलेला वकील, त्याच्या गळ्यात पडलेला दुसरा, खाली हसणारी गर्दी. तो फोटो तो रोज पुसायचा.

"वर्षभर हिच्याखाली बसलो रे मी," तो म्हणाला. "एकदा मान वर करून बघितलं नाही. बॉलच बघत राहिलो."

मावशींकडे पट्टीचा नंबर होता. तो आता मामाच्या गावी एका गोदामात माल चढवायचे काम करत होता. फोन सायकलवाल्याने लावला. वकिलाने खुणेनेच 'मी नाही, तूच बोल' असे सांगितले. पलीकडून खोकी आपटल्याचे आवाज येत होते. सायकलवाल्याने अडखळत सगळे सांगितले: फोटो, मान, गुण्या.

मग पट्टीने विचारले, "काका, बाजूला वाकली होती, की पुढे?"

"पुढे."

पलीकडे खोकी आपटतच होती.

"म्हणजे मी बरोबर शिकलो होतो," तो हळू म्हणाला. "रिंगच चुकीची होती."

"हो रे बाळा. तू परत ये. आम्ही सरांशी बोलतो. वकील स्वतः बोलेल."

"आता काय, काका. खांदा दुखतो माझा, ओझ्याने. हात वर जात नाही." कोणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो. गाडी लागलीय."

फोन बंद झाला. वकील तोंड फिरवून पायऱ्या चढला आणि बाहेर पडला. त्यानंतर तो हॉलमध्ये आलेला नाही, असे मावशी सांगतात.

भंगारवाला मला न्यायला आला तेव्हा सायकलवाल्याने मला मागून घेतले. दुकानातला तो फोटो काढला आणि त्याच खिळ्याला मला टांगले. त्याने मला सरळ केले नाही. करू शकला असता. तो चाके सरळ करत असतो आणि अधूनमधून माझ्याकडे बघतो.

मित्रांनो, आनंद झाला की जरूर नाचा, पण ज्या वस्तूने तो आनंद दिला तिच्यावर लटकू नका. आणि नाचून झाल्यावर तिच्याकडे एकदा नीट बघा. आम्हा वस्तूंना दुखले तर ओरडता येत नाही. आम्ही वाकून राहतो, आणि आमच्यावर शिकणारा वाकडेपणालाच सरळ समजतो. एखाद्याचा हात चुकतो असे म्हणण्याआधी तो कशावर शिकला ते तपासा. एक पाणसळ लागते. बुडबुडा मध्ये आहे का, एवढेच बघायचे असते.

माझ्यावर ती कारखान्यात एकदा ठेवली होती. दुसऱ्यांदा कोणी ठेवली नाही.