व्यंकटरावांची पोथी

आमच्या झरीच्या व्यंकटरावांना सगळी पोथी तोंडपाठ होती, पण अक्षर एकही येत नव्हतं. निजामाच्या अमलात शाळा उर्दूची, तीही दूर. वडिलांनी त्यांच्याकडून पोथी म्हणून घेऊन पाठ करवली, तीच ते वीस वर्षं दर श्रावणात देवळात ‘वाचत’ होते. पानं अंदाजाने उलटायचे, आणि गावाला पत्ता नव्हता. आताशा त्यांना त्याचा वीट आला होता. तोंड पोथीत, मन बैलांच्या वैरणीत. सेहेचाळिसाव्या वर्षीच आपलं शिकणं-सवरणं संपलं, असं त्यांना वाटायचं.

त्या चैत्रात त्यांच्या पत्नीने, पार्वतीबाईंनी, पोथीची सुटी पानं उन्हात घातली आणि ती वाऱ्याने अंगणभर झाली. गठ्ठा नवऱ्यापुढे ठेवून, नीट लावा, असं त्या म्हणाल्या. व्यंकटरावांना घाम फुटला. उघडं पडलं तर पोथीचा मान जाणार. दोन दिवस त्यांनी गठ्ठ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पानं ओळीने लागलेली दिसली. घरात वाचता येणारी एकच, मानवतहून आलेली सून सुमंगला. तिला कळलं होतं तर! आधी लाज वाटली, मग का कोण जाणे, हायसं वाटलं.

पार्वतीबाईंना सांगावंच लागलं. त्या पोट धरून हसल्या आणि मग सुनेकडे निरोप घेऊन गेल्या, सासऱ्यांना अक्षरं शिकव म्हणून. सून सासऱ्यापुढे बसत नसे, बोलत नसे. म्हणून व्यंकटराव ओसरीवर, सुमंगला दाराआड. सुपात राख पसरून ते अक्षर काढायचे आणि सूप आत सरकवायचे. चुकलं की बांगड्या वाजत. पहिले आठ दिवस नुसत्या बांगड्याच वाजत होत्या. पण शेतातून आले की ते आधी सूप मागत, मग पाणी.

श्रावणात पोथी लागली. ओळीखाली बोट धरून ते वाचू लागले, आणि घटकेत उरकणारा अध्याय संपेना. दिनकरराव पाटलांनी विचारलं, नजर कमी झाली काय?

तेवढ्यात दोन ओव्या पुढे आल्या. वडिलांनी त्या कधी म्हणूनच घेतल्या नव्हत्या. व्यंकटरावांनी चाचपडत वाचल्या. बायकांच्या बाजूने ओळखीच्या बांगड्या वाजल्या. त्यांनी पुन्हा वाचल्या. बांगड्या गप्प. त्यांना इतका आनंद झाला की मानाची भीतीच उरली नाही.

"नजर चांगली हाय, पाटील. वीस वर्सं नुसतं पाठ म्हनत होतो. वाचायलो ते आज. सूनबाईनं शिकवलं."

व्यंकटरावांनी मान खाली घातली. मग त्यांच्या वडिलांचीही पोथी ऐकलेल्या म्हाताऱ्या कडूबाई पुढे सरकल्या.

"मंग थांबलास कशाला? ह्या दोन ओव्या मी बी जल्मात पयल्यांदाच ऐकल्या. वाच म्होरं."