व्हाळाचं खोलीकरण

डॉ. अवधूत कर्णिकांना शाल घेणं फार छान जमे. मान किंचित झुकवायची, खांदे पुढे करायचे आणि फोटोग्राफरचं समाधान होईपर्यंत चेहऱ्यावर संकोच ठेवायचा. काळाचौकीच्या त्या हॉलमध्ये नूपुर गुप्ते हे सगळं बघत होती. या माणसाच्या हाताखाली आपण पीएचडी केली, याची तिला आज पहिल्यांदा लाज वाटत होती.

हॉल कोंडुरेवाडीच्या मुंबई मंडळाने घेतला होता. वाडी कोकणात, पण तिचे निर्णय काळाचौकीत होत. गिरणीत आलेल्यांची नातवंडं आता बँकेत, कुरियरमध्ये, मॉलमध्ये कामाला होती. गावी जात ती गणपतीला आणि मे महिन्यात. उरलेलं वर्षभर इथे बसून गावाचा विकास करत. गेल्या वर्षी वेशीवर कमान उभी राहिली होती. यंदा व्हाळाची पाळी होती.

त्या व्हाळात, कोंडुरेवाडीच्या त्या लहानशा ओढ्यात, नूपुरची सगळी पीएचडी झाली होती. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, दगड उचलून खाली कोण राहतं ते बघायचं आणि दगड जसाच्या तसा परत ठेवायचा. उथळ, खळखळत्या धारेतल्या गोट्यांखाली मुरी राहायची. बोटाएवढा मासा, पिवळट अंगावर काळे पट्टे. शेजारच्याच डोहात मात्र ती औषधालाही सापडत नसे. डोहातली वस्ती वेगळी, धारेतली वेगळी, हे तिला कर्णिक सरांनीच दाखवलं होतं. तेव्हा ते पँट दुमडून विद्यार्थ्यांच्या आधी पाण्यात उतरत. आता पँटला कडक इस्त्री होती आणि पुढ्यात बिसलेरी.

मंडळाचे अध्यक्ष दत्ताराम घाडी यांनी कर्णिकांच्या सल्ल्याने आखलेली योजना सांगितली. जेसीबी लावून व्हाळ खोल करायचा, गोटे उपसायचे, खाली बंधारा घालायचा आणि साठलेल्या पाण्यात तिलापिया या बाहेरच्या माशाची पिल्लं सोडायची. पडद्यावर निळंशार पाणी आलं, त्यात बोट आणि बोटीत एक गोरंपान परदेशी कुटुंब. कोंडुरेवाडीत हे कुटुंब कुठून येणार होतं, हे कुणी विचारलं नाही.

मग सरांची विद्यार्थिनी म्हणून नूपुरला बोलायला बोलावलं. तिने मुरीचा फोटो लावला.

"बाई, ह्यो तळूक तरी पुरतलो काय?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल खदाखदा हसला.

"तो तळण्यासाठी नाहीये."

"मग कशाक आसा?"

याचं उत्तर तिला तोंडपाठ होतं. मुरीला लागणारे तेच गोटे आणि तीच वाळू पाणी अडवून जमिनीत जिरवतात, काठच्या विहिरी त्यावरच जगतात. एवढं साधं बोलली असती तरी चार जणांनी कान टवकारले असते. पण ते हसणारे चेहरे पाहून तिचं डोकं फिरलं.

"तुम्ही तरी कशासाठी आहात?" ती म्हणाली.

दत्तारामांनी माइक हातात घेतला. "मॅडम, आमच्या गावात येऊन आमचो भात खाल्लास, आणि आता आमकाच इचारतास? बसा तुमी."

ती बसली नाही. स्टेजकडे वळली. "सर, तुम्ही सांगा. धारेतले गोटे उपसले तर मुरी राहील?"

कर्णिकांनी शाल सारखी केली. "हे बघा, विज्ञानात हट्ट चालत नाही. निसर्गही जगला पाहिजे आणि माणूसही. मंडळाने सुवर्णमध्य काढलाय."

"म्हणजे अर्धी मुरी जगवायची का, सर?"

टाळ्या आल्या, त्याही सरांसाठी.

मे महिन्यात जेसीबी उतरला. नूपुरने अर्ज केले, कचेऱ्यांतून फेऱ्या मारल्या. सगळीकडे तिला नम्रपणे दुसऱ्या टेबलाकडे पाठवण्यात आलं. दिवाळीनंतर ती गावी गेली. व्हाळ परळच्या एखाद्या नाल्यासारखा सरळसोट झाला होता. तळाला गाळ, गाळावर तिलापिया. मुरी एकही नाही. तिने तरीही जाळं टाकलं, पाणी मोजलं, सगळं नेहमीसारखं केलं. काठावर बसून रडण्यापेक्षा ते बरं होतं.

महिन्याभरात कर्णिकांनी तिला दादरला बोलावलं. साबुदाणा वडा चटणीत बुडवत ते म्हणाले, "नूपुर, तुझ्याकडे आधीचा डेटा आहे, आता नंतरचाही आला. असा योग संशोधकाला क्वचित मिळतो. झकास पेपर होईल. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं."

या माणसाला खरंच काही वाटत नव्हतं.

"आणि कारण काय लिहायचं?"

"मानवी हस्तक्षेप."

"कुठल्या मानवाचा, सर?"

ते मोठ्याने हसले. "तू ना, अजून कॉलेजातच आहेस!"

"आणि तुम्ही तिथून कधीच बाहेर पडलात, सर," ती म्हणाली आणि चहा तसाच टाकून उठली. पेपर तिने एकटीने लिहिला. खोलीकरण कुणी केलं, कुणाच्या सल्ल्याने केलं, हे त्यात साध्या शब्दांत होतं. तो थोड्यांनी वाचला. त्याच सुमारास कर्णिक नद्यांच्या कुठल्याशा समितीवर गेले. त्यांच्या सत्काराचं निमंत्रण नूपुरलाही आलं होतं.

शिमग्याच्या आधी दत्तारामांचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

"मॅडम, विहिरी आटल्यो. बंधाऱ्यात पाणी ऱ्हवणाच नाय. कर्णिक सर फोन उचलणत नाय."

तिच्या जिभेवर बरंच काही आलं. 'त्या बोटवाल्या कुटुंबाला फोन करा,' हे तर अगदी ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं.

"गोटे कुठे टाकलेत?"

"अर्धे रस्त्याच्या भरावाक गेले. अर्धे थयच पडले आसत."

"मग ते अर्धे आधी धारेत टाका. कसे टाकायचे ते मी येऊन सांगते. शाल-नारळ काही आणू नका."

कोंडुरेवाडीत आता गोटे परत टाकण्याचं काम चाललंय. मंडळातली काही मंडळी येतात, बरीचशी येत नाहीत. उरलेल्या डबक्यांतल्या तिलापियाला कुणी हटवू शकलेलं नाही. दत्ताराम मात्र पँट भिजवून पाण्यात उभे असतात आणि दर खेपेला विचारतात, "मुरी परत येतली मा?"

"माहीत नाही," नूपुर सांगते.