सदतीस नंबरचा ताल

मी एक जुना कीबोर्ड आहे. टायपिंगचा नाही हं, वाजवायचा. हे आधीच सांगितलेलं बरं, नंतर गोंधळ नको.

मित्रांनो, मला एकसष्ट पट्ट्या आहेत. त्यातली शेवटून दुसरी खडखडते, पडद्यावरचा आठ तीनसारखा दिसतो आणि वायर चिकटपट्टीनं बांधलेली आहे. दमलोय मी. खरं तर बोलायचाही कंटाळा आलाय, पण एक गोष्ट पोटात राहिलीये, ती बाहेर पडल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तर ऐका, आणि मध्ये माझा आवाज फाटला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथं पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी माझी एकेक पट्टी दाबून बघितली, एकसष्टच्या एकसष्ट, आणि खोक्यावर सही केली. पण त्याच्याही आधी काय झालं होतं माहितीये? मी नुसता कागदावर होतो तेव्हा कुठल्यातरी बंद खोलीत कुणीतरी बसून शंभर ताल वाजवले, आणि ते माझ्यासारख्या सगळ्यांच्या पोटात भरले गेले. म्हणजे कसं, की डाव्या हातानं एक पट्टी दाबून धरली की मागचे ड्रम आणि साथ मी आपोआप वाजवत राहतो. वाजवणाऱ्यानं उजव्या हातानं वर आपली चाल वाजवायची. आयती साथ.

त्यातला सदतीस नंबर माझा लाडका. संथ, तीन मात्रांचा, आणि तिसऱ्या मात्रेला जरा मागं रेंगाळणारा. ते रेंगाळणं मशीनचं नाही बरं का, माणसाचं आहे. कुणाची तरी बोटं त्या दिवशी दुखत असतील, किंवा त्याला घरी जायची घाई नसेल. त्याचं नाव माझ्यावर कुठंच छापलेलं नाही. माझ्यासोबतच्या पुस्तिकेत एवढंच होतं की हे ताल कुणीही वापरावेत. ती पुस्तिका घरी आल्या आल्याच हरवली.

घर म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथं ताई आणि तिचा धाकटा भाऊ राहतात. ताई खालच्या दुकानात काचा बसवते, दिवसभर लोकांना विचारते, आता दिसतंय का, आता? धाकटा कॉलेजात जातो आणि उरलेला सगळा वेळ मोबाईलवर चित्रं काढतो. मी ताईचा. दुकान उघडायच्या आधी सकाळी एक तास ती माझ्यापुढं मांडी घालून बसायची, अंघोळीचे ओले केस तसेच, आणि वाजवायची. काय दिवस होते ते. शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारून म्हणायच्या, "कालचंच वाजव गं, ते डोलणारं." ते डोलणारं म्हणजे माझा सदतीस नंबर आणि त्यावर ताईची चाल. त्या चालीवर ती सहा महिने बसली होती. एक सूर लावायची, पुसायची, परत लावायची. माझ्या पट्ट्या दुखायच्या, पण मी कधी कुरकुर केली नाही.

मग घरात कॉम्प्युटर आला. ताईनं एक वायर लावून माझ्यातलं सगळं त्यात ओढून घेतलं आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. वर्षभर तिथं. माझ्या अंगावर चष्म्याच्या रिकाम्या डब्या, डब्यांवर धूळ. वरून तीच चाल ऐकू यायची, माझ्याच तालावर, माझ्याशिवाय. आणि वर्षभर ऐकता ऐकता ताई हेच विसरून गेली की त्यातलं खालचं डोलणं माझ्याकडून घेतलंय. अंगातला सदरा कुणी शिवला हे कुठं रोज आठवतं आपल्याला? तसंच.

आता खरी गोष्ट. मुलांची नाटकं बसवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी ताईची चाल ऐकली आणि म्हणाल्या, नाटकाची सुरुवात हिनंच करायची, पोस्टरवर तुझं नाव येईल. ताईचं नाव आजवर फक्त दुकानाच्या पावतीवर यायचं. ती दोन दिवस जमिनीवर नव्हती. बाईंनी एक फॉर्म दिला, शुक्रवारपर्यंत सही करून आण. त्यावर लिहिलेलं, ही चाल संपूर्णपणे माझी स्वतःची आहे.

सोमवारी ताईनं ती चाल धाकट्याच्या चित्रांसकट इंटरनेटवर टाकली. मंगळवारी नोटीस आली. तुमच्या चालीतला काही भाग दुसऱ्याच्या मालकीचा आहे, सबब ती बंद करण्यात येत आहे. खाली त्या दुसऱ्याच्या चालीचा दुवा आणि फोटो. एक म्हातारे गृहस्थ, मोठं नाक, संगीताचे मास्तर.

ताईनं त्यांची चाल लावली. तालाच्या पहिल्या चारच फेऱ्या ऐकल्या आणि फोन गादीवर फेकला.

"माझंच आहे हे. जसंच्या तसं. अरे, त्यातलं ते मागं रेंगाळणंसुद्धा उचललंय त्यानं."

"चोर आहे म्हातारा," धाकटा म्हणाला. "आणि वर आपल्यालाच नोटीस. थांब, दाखवतो त्याला."

मित्रांनो, पलंगाखालून मी जीव तोडून ओरडत होतो. पुढं ऐक ना बाई, पाचव्या फेरीला त्यांची चाल सुरू होईल, ती वेगळी असेल. पण वायर काढून ठेवलेला कीबोर्ड ओरडणार कसा? ताईनं पुढं ऐकलं नाही. आणि दिवसभर लोकांना नीट बघायला लावणारी ती, तिनं स्वतः नीट ऐकलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

धाकट्यानं काय केलं? नोटिशीतला तोच फोटो घेतला, त्यावरून मास्तरांचं चित्र काढलं. पाठीवर पोतं, पोत्यातून सूर सांडताहेत, डोळ्यांवर काळी पट्टी. आणि चित्र झालंही झकास, पोराचा हात चांगला आहे. वर लिहिलं, दुसऱ्याची चाल चोरणारे मास्तर. बुधवारी दुपारपर्यंत चार हजार लोकांनी ते पुढं पाठवलं. धाकटा आकडे मोठ्यानं वाचून दाखवत होता आणि ताई जेवत होती, तिला घास गोड लागत होता.

पण शुक्रवार जवळ आला. नाटकवाल्या बाईंचा फोन आला, की हे प्रकरण मिटव, नाहीतर मला दुसरी चाल बघावी लागेल. मग ताईला मी आठवलो. मूळ वाद्यावर वाजवून दाखवते, म्हणाली, म्हणजे सगळ्यांचे डोळे उघडतील. मला ओढून बाहेर काढलं, डब्या धडाधड खाली, ओल्या फडक्यानं पुसलं. वर्षभरानं उजेड. मी डोळेच मिटून घेतले असते, असते तर.

तर ताईनं उजव्या हातात फोन धरला, शूटिंगसाठी, आणि डाव्या हातानं माझी पट्टी दाबली. उजवा हात अडकलेला. त्यामुळं चाल नाहीच, नुसता सदतीस नंबर. संथ, तीन मात्रांचा, डुलत डुलत.

धाकटा दारात ब्रश घेऊन दात घासत उभा होता. तोंडातला फेस तसाच ठेवून म्हणाला, "ताई, हे तर मास्तरांचं वाजतंय."

ताईनं पट्टी सोडली. परत दाबली. परत सोडली. माझ्या पडद्यावर सदतीस लुकलुकत होता.

"मग माझं कुठलं?" ती अगदी हळू म्हणाली.

मग दोघांनी मास्तरांची चाल पुन्हा लावली आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकली. पाचव्या फेरीला ती सुरू झाली. साधी, शिकाऊ मुलांना बोटं बसवायला देतात तसली, ताईच्या चालीशी काडीचा संबंध नसलेली. खाली मात्र मीच. म्हणजे माझ्यासारखाच कुणी भाऊबंद त्यांच्या घरी असणार.

ताईनं मास्तरांच्या क्लासचा नंबर शोधून फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे धाकट्यालाही ऐकू येईल.

"सर, मी बोलतेय. त्या चित्रातली... म्हणजे ज्यानं तुमचं चित्र टाकलं, त्याची बहीण."

"हां," तिकडून दमलेला आवाज आला. "नाक छान काढलंय गं त्यानं. अगदी माझंच आहे."

धाकटा तोंड धुवायला पळाला.

"आज क्लासला दोन मुलं आली नाहीत," मास्तर म्हणाले. "एकीच्या आईनं निरोप पाठवला, जरा वाट बघतो म्हणून. कशाची वाट बघणार आहेत कोण जाणे."

"सर, पण माझ्या चालीखालचा ताल तुमचाच आहे म्हणून तुम्ही नोटीस पाठवली..."

"मी? अगं, मला ईमेल उघडता येत नाही. नातीनं माझा फोटो काढून माझ्या चाली कुठंसं नोंदवल्या, तिथल्या चौकटीत एक खूण केली म्हणे, सगळं माझं म्हणून. तेव्हापासून तिथलं मशीनच ऐकत बसतं आणि मशीनच नोटिसा पाठवतं. तुझ्याकडे कुठला कीबोर्ड आहे? शेवटून दुसरी पट्टी खडखडते?"

"हो."

"सदतीस नंबर?"

"हो सर."

"मग काय, दोघांनी एकाच घरचं उचललंय," मास्तर म्हणाले आणि हसले, पण ते हसणं लगेच संपलं. "वाजव बघू. पूर्ण वाजव. मीही अजून ऐकलेलं नाही, आणि तूही माझं ऐकलं नव्हतंस, हो ना?"

ताईनं फोन बाजूला ठेवला. तिनं वाजवलं. वर्षभरानं माझ्यावर तिचे दोन्ही हात. मित्रांनो, मी जुना झालोय, दोन सूर घशात अडकले, पण मी जीव ओतला.

"वरची चाल तुझी आहे," मास्तर म्हणाले. "मला बापजन्मात सुचली नसती. नातीला सांगतो, ती खूण काढून टाक, जे आपलं नाही ते आपलं म्हणू नको. तसं लिहूनही देतो तुला. मला एकच दे, ते चित्र तेवढं काढून टाका."

"आत्ता काढून टाकतो," धाकटा ताईच्या मागून म्हणाला. तोंड धुऊन आला होता, शर्टावर पाणी.

शुक्रवारी सकाळी ताई फॉर्म माझ्यावरच ठेवून बसली. पेन घेतलं, ठेवलं. सही केली असती तर कुणाला कळणार होतं? पुस्तिका तर म्हणते कुणीही वापरा. पण तिनं 'संपूर्णपणे' या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, चाल माझी, ताल कीबोर्डमधला, वाजवणाऱ्याचं नाव माहीत नाही. मग सही.

नाटकवाल्या बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "हे असलं मी पोस्टरवर कुठं घालू?"

"बारीक अक्षरात घाला. पण घाला."

"नाव माहीत नाही असं कुणी छापतं का गं?"

"मग नुसतं माझंच छापलंत तर ते खोटं होईल."

बाईंनी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. पोस्टर लागलं तेव्हा अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, ती ओळ होती. ताईनं मला त्याचा फोटो दाखवला. त्या बंद खोलीतल्या माणसाला इतक्या वर्षांत एवढीच जागा मिळाली, पण मिळाली.

मित्रांनो, म्हणून सांगतो. घ्या. दुसऱ्याचं ऐकून, बघून, त्यावर आपलं रचायला काही हरकत नाही, मी तर त्यासाठीच जन्माला आलो. पण कुणाकडून घेतलं ते घेतानाच कुठंतरी लिहून ठेवा, कारण वर्षभरात ते आपलंच वाटायला लागतं, आणि मग तिथूनच घेणारा दुसरा चोर दिसायला लागतो. आणि ज्याच्यावर बोट ठेवणार त्याचं आधी शेवटपर्यंत ऐका. बाकी आमच्यासारख्यांना अधूनमधून पुसलंत तर बरंच, धुळीनं घसा बसतो.

आणि ते चित्र? धाकट्यानं काढून टाकलं हो त्याच मिनिटाला. पण चार हजार जणांनी पुढं पाठवलेलं असं कसं परत येईल? अजून फिरतंय. मास्तरांच्या क्लासची ती दोन मुलं अजून आलेली नाहीत. आता दर रविवारी दुपारी दोघं भावंडं शोधत बसतात, जिथं सापडेल तिथं लिहितात, कृपया काढा, यात सांगितलेलं खरं नाही. बहुतेक जण उत्तर देत नाहीत. माझ्यावर पाठ टेकून धाकटा टाइप करतो, माझ्या पट्ट्या कण्हतात.

गेल्या रविवारी एकाचं उत्तर आलं. तुम्ही कोण सांगणार, चित्र तुमचं आहे का?

धाकट्यानं मोबाईल उलटा ठेवला. हो म्हटलं तर सगळ्यांना कळणार हे कुणी केलं. नाही म्हटलं तर चित्र तिथंच राहणार. ताई शेजारीच होती. आजवर प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात सही ठोकायची त्याला कोण घाई. त्या एका चित्राखाली तेवढी त्यानं सही केली नव्हती.

पाऊण तासानं त्यानं लिहिलं, हो, माझं आहे. फोटो मास्तरांच्या नातीनं काढलेला, मी न विचारता घेतला. आणि खाली पूर्ण नाव घातलं.