एकशे अठ्ठ्याऐंशी वाक्यं

सोमवारी सकाळी बाईंनी कॉम्प्युटर चालू केला, डिस्क जोडली, 'आवाज' नावाचा फोल्डर उघडला आणि आतल्या फाईली मोजल्या. चारशे बारा. पुन्हा मोजल्या. तेवढ्याच. असायला हव्या होत्या सहाशे.

बाई कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होत्या. कापडाचे चाळीस-चाळीस थर एकावर एक पसरून एका दमात कापायचे, हे त्यांचं रोजचं काम. मोजण्यात त्या चुकणं शक्यच नव्हतं, निदान त्यांच्या मते तरी. त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. तीस वर्षं ते लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. आवाज असा, की समोरच्या चौकातला माणूससुद्धा आपणहून क्लच दाबेल. त्याच घशात गाठ निघाली आणि बुधवारी स्वरयंत्र काढायचं ठरलं. त्याआधी मनाला येतील ती सहाशे वाक्यं रेकॉर्ड करून दिली, तर एक प्रयोगशाळा त्यांच्याच आवाजात बोलणारा प्रोग्राम करून देणार होती. मास्तरांनी लिहायचं, प्रोग्रामने बोलायचं; रेकॉर्ड केलेली वाक्यं तर जशीच्या तशी. सहाशेत एकही वाक्य कमी चालणार नव्हतं, आणि आज पाचच्या आत ती पाठवायची होती. कालपासून डॉक्टरांनी मास्तरांना तोंडातून शब्द काढायची बंदी केली होती. थोडक्यात, गेलेलं वाक्य पुन्हा मिळणार नव्हतं.

"शुक्रवारी आणि शनिवारी तुम्ही एकट्यानेच वाक्यं रेकॉर्ड केलीत ना हो? मी कामाला गेल्यावर?"

मास्तरांनी मान डोलावली.

"माझी वाट का नाही बघितलीत?"

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

"बरं, ते राहू दे. चालू केल्यावर डिस्क जोडली होती?"

मास्तरांनी वहीत लिहिलं: 'म्हणजे काय?'

बाईंनी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटर जुना, त्याच्या पोटात जागा कमी, म्हणून भाचीने बाहेरची डिस्क लावून दिली होती. ती डिस्क 'आवाज' या फोल्डरवर जोडली की फोल्डरमध्ये डिस्कवरचं सगळं दिसे. पण ती आपोआप जोडली जात नसे. रोज मशीन सुरू झालं की 'जोडा' असं लिहिलेल्या चित्रावर टिचकी मारावी लागे, आणि ती टिचकी रोज बाई मारत. आधी आरसे, मग किल्ली, असं तीस वर्षं जगाला बजावणाऱ्या माणसाने स्वतः मात्र काहीही न बघता गाडी काढली होती.

भाची एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. बाईंनी फोन लावला, सगळं सांगितलं.

"मामी, डिस्क जोडलीच नव्हती, तर डिस्कवर काही गेलंच नसणार," भाची म्हणाली. आवाज पडला होता तिचा. "मी संध्याकाळी घरी येऊन बघते."

"संध्याकाळी येऊन काय करशील? पाचला दुकान बंद."

मास्तरांनी वही पुढे केली. 'जाऊ दे.'

बाईंना असा राग आला, की वही भिरकावून द्यावी. दोन महिने ज्याच्यासाठी रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागला नाही, तो माणूस दोन शब्दांत मोकळा होत होता.

"जाऊ बिऊ काही देणार नाही," त्या म्हणाल्या. "तू आत्ता फोनवरच राहा गं. पहिलं म्हणजे ही डिस्क कायमची जोडून टाकू. वाक्यं कुठून आणायची ते मी नंतर बघते, पण मिळालेली पुन्हा अशी पाण्यात गेलेली मला चालणार नाहीत. आधी भोक बुजवायचं."

भाचीने ऑफिसातल्या कुणाला तरी थांबायला सांगितलं आणि बाईंनी बाह्या सरसावल्या.

काम एका ओळीचं होतं. मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची, याची यादी असलेली एक फाईल असते. तिच्यात आपल्या डिस्कची ओळ घालायची: डिस्कचा लांबलचक ओळख क्रमांक, फोल्डरचा पत्ता, डिस्कचा प्रकार, मग अटी. डिस्क सापडली नाही तरी अडून बसू नकोस, सुरू हो, अशी एक अट भाचीने आवर्जून घालायला लावली. बाईंनी तो क्रमांक एकेक अक्षर मोठ्याने वाचत टाईप केला आणि उलट्या बाजूनेही वाचून पाहिला. कापण्याआधी त्यांची हीच रीत होती.

"आता लगेच बंद-चालू करू नकोस," भाची म्हणाली. "एखादं अक्षर चुकलं असेल तर नसती कटकट होईल. डिस्क आधी काढ, मग यादीप्रमाणे जोडून बघ. काढल्यावर फोल्डर रिकामा दिसेल. घाबरू नकोस."

बाईंनी डिस्क काढायची आज्ञा दिली आणि फोल्डर उघडला.

"रिकामा आहे ना?"

बाई मोजत होत्या.

"मामी?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

"काय एकशे अठ्ठ्याऐंशी?"

"फाईली आहेत गं यात! शुक्रवारच्या, शनिवारच्या. डिस्क नाही आणि फाईली आहेत!"

बाईंना लख्ख कळलं. कापडावर कापड पसरलं की खालचं कुठे जातं? कुठेच जात नाही, दिसत नाही एवढंच. डिस्क नव्हती तेव्हा फोल्डरने वाक्यं स्वतःच्या पोटात ठेवून घेतली. आज सकाळी त्यावर डिस्क येऊन बसली आणि ती झाकली गेली.

"अगं मामी, खरंच की!" भाची फोनमधून ओरडली. "मला कसं नाही सुचलं!"

"ऑफिसात बसून कसं सुचेल? कापड कापायला ये."

हसता हसता बाईंनी त्या फाईली दुसरीकडे हलवल्या, यादीप्रमाणे डिस्क जोडली, फाईली तिच्यावर आणून ठेवल्या. मग मशीन बंद केलं, चालू केलं, कशालाही बोट न लावता फोल्डर उघडला. सहाशे. डिस्क आपली आपण येऊन बसली होती.

मास्तर खुर्ची ओढून जवळ आले होते. त्यांचा चेहरा उजळायला हवा होता. तो उलट ओशाळवाणा झाला होता.

"फाईली धड आहेत का ते ऐकून घे," असं सांगून भाचीने फोन ठेवला. बाईंनी शनिवारची एक फाईल लावली.

'पाणी आण जरा,' मास्तर कॉम्प्युटरमधून म्हणाले. दुसरी. 'भाजीत मीठ नाही.' तिसरी. 'आहे, आहे, मीठ आहे.' बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी शेवटची फाईल लावली.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग घोगरा, दबलेला आवाज.

'मला फार भीती वाटते गं.'

गाठ निघाल्या दिवसापासून मास्तर बाईंना धीर देत आले होते. डॉक्टरांच्या खोलीत विनोद करून त्यांनी नर्सला हसवलं होतं. भीतीचा भ त्यांनी काढला नव्हता. एकट्याने रेकॉर्ड का केलं, हे आता बाईंना विचारावं लागलं नाही. तोंडाने जे बायकोला सांगता आलं नव्हतं, ते मास्तर आवाज गेल्यावर यंत्राकडून सांगणार होते.

मास्तरांनी घाईघाईने माउस ओढला. बाण त्या फाईलवर नेला, पुसायला.

बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"एक कमी झालं तर घेणार नाहीत ते," त्या म्हणाल्या. मग त्यांना स्वतःचंच ते बोलणं खोटं वाटलं. "आणि घेत असते, तरी हे पुसू दिलं नसतं. मलाही वाटते हो भीती. दोन महिने वाटतेय. बुधवारनंतर तुम्ही हे म्हणालात, की मी हेच उत्तर देईन."

मास्तरांनी माउस सोडला. त्यांचे ओठ हलले, पण डॉक्टरांची बंदी त्यांनी मोडली नाही. त्यांनी बाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाईंनी एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने सहाशेच्या सहाशे वाक्यं पाठवून दिली.