एका दिवसाची मजुरी

सेवालालची संत्र्याची बाग शिरपूर जैनच्या शिवारात, आणि तिचा माल वर्षानुवर्षं घ्यायचा तो जमशेद. रीत ठरलेली: फळ झाडावर असतानाच व्यापारी बाग बघतो, भाव करतो, पैसे देऊन मोकळा होतो. मग झाडावर जे आहे ते त्याचं. नफा झाला तरी त्याचा, गारपीट झाली तरी त्याचीच.

त्या साली सेवालालच्या घरी मुलीचं लग्न निघालं, म्हणून जमशेदने सगळे पैसे आगाऊ दिले. लग्न थाटात झालं, आणि महिनाभरात लॉकडाऊन लागला. गाड्या बंद, मंडी बंद. फळ झाडाखाली गळून सडायला लागलं. नुकसान सगळं जमशेदचं.

पुढे कोरोनात माल वाया गेलेल्या शेतकऱ्यांना सरकारी मदत मिळणार असं कळलं. साहेब पाहणीला आले तेव्हा जमशेद बागेत उकिडवा बसून गळलेल्यातली बरी फळं निवडत होता.

"माल विकला नव्हता ना कोणाला?" साहेबांनी विचारलं. "विकला असेल तर मदत मिळत नाही."

"नाई जी, माहाच हाये," सेवालाल म्हणाला.

"मग हे कोण?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण नको तिथे माणसाची जीभ भारी चपळ.

"मजूर हाये."

जमशेदने एकदा वर पाहिलं. मग मुकाट्याने टोपली डोक्यावर घेतली आणि बांधाकडे चालू लागला. साहेबांना शंका येऊ नये म्हणून त्याने ती उचलली, हे सेवालालला कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तरी साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर त्याने सही केलीच.

मदत खात्यात आली. विहिरीवर नवी मोटर बसली.

"जमशेदभाऊले सांगतलं का?" बायकोने, रूपाने, विचारलं.

"सांगतो ना," तो म्हणाला, आणि बाजारात जमशेदचं फळांचं दुकान दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागला. पुढच्या हंगामात जमशेद बाग बघायला आलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याने गावात चकार शब्द काढला नव्हता, आणि सेवालालला तेच जास्त खात होतं.

शेवटी यंदाची संत्री विकली गेल्यावर त्याने मदतीएवढे पैसे थैलीत घातले आणि दुकान गाठलं.

"या, बसा," जमशेद म्हणाला. आजवर तो "ये रे सेवा" म्हणायचा.

"तुहे पैसे हायेत हे. मदतीचे. सारेच्या सारे आनले."

जमशेदने थैलीतून पाचशेची एकच नोट काढली. गल्ल्यातून दोनशे काढून सेवालालच्या हातावर ठेवले आणि थैली त्याच्याकडे सरकवली.

"तवा मजुरी तीनशे होती. त्या दिवसाची माही तेवढीच निघते तुमच्याकडं."

"असं नको करू, जमशेद."

"काहून? साहेबासमोर तुमीच सांगतलं ना. मी तवाही काई बोललो नाई, आताही बोलून नाई राह्यलो."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर सेवालालने आनंदाने ऐकून घेतल्या असत्या. थैली काखेत, दोनशे रुपये मुठीत, असा तो खाली मान घालून उभा राहिला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, डझनभर केळी मागितली आणि सेवालालकडे बघत सहज विचारलं, "हे कोण जी?"

"माहे मालक हायेत," जमशेद म्हणाला, आणि केळी मोजू लागला.